हॉटेल काढताय? आधी खरकट्याचा काटा करा

नवीन हॉटेल काढणारी तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे चहाला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘हॉटेल पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू?’ हातात यादीही तयार असते. बांबूच्या स्ट्रॉ, मातीचे कुल्हड, भिंतीवर वेल, मेनूकार्डावर हिरवं पान. मी त्यांना उठवते, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने मोरीपाशी नेते आणि तिथल्या बादल्या दाखवते. बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना बोलायचं असतं पुढच्या दारातून आत येणाऱ्या गोष्टींबद्दल, आणि मी दाखवते मागच्या दाराने बाहेर जाणाऱ्या.

पुण्यात कोथरूडमध्ये आमचं चाळीस खुर्च्यांचं हॉटेल आहे. सकाळी मिसळ-पोहे, दुपारी आणि रात्री थाळी. पुढे लिहिलंय ते या आकाराच्या जागेला धरून. तुमचं पंचवीस खुर्च्यांचं असेल किंवा शंभरचं, आकडे बदलतील. कामांचा क्रम मात्र हाच ठेवा. कारण यातली पहिली तीन-चार कामं जवळजवळ फुकट आहेत, आणि लोक नेमकी तीच सोडून थेट खताच्या मशिनच्या कोटेशनवर जातात.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका, फक्त वजन करा

हुकाला अडकवून वजन करायचा एक डिजिटल काटा घ्या, पन्नास किलोपर्यंतचा. प्रवासाच्या बॅगा तोलायला लोक वापरतात तसा. तीन बादल्या घ्या आणि त्यांच्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा: ‘चिरताना’, ‘उरलेलं’, ‘ताटातलं’. पहिलीत सालं, देठ, खराब निघालेली भाजी. दुसरीत शिजवलं पण खपलं नाही ते. तिसरीत गिऱ्हाइकाच्या ताटातून परत आलेलं खरकटं. सुका कचरा यात घालायचा नाही, तो वेगळ्या पोत्यात.

रोज रात्री शटर ओढायच्या आधी तिन्ही बादल्यांचं वजन करून वहीत लिहायचं. शेजारी त्या दिवशी किती थाळ्या आणि किती मिसळी गेल्या तेही लिहायचं. तो आकडा नसेल तर वजनाला अर्थ नाही. समजा दीडशे थाळ्या गेल्या आणि ‘ताटातलं’ अठरा किलो भरलं, तर एका थाळीमागे १२० ग्रॅम अन्न परत येतंय. पुढे काहीही बदल केलात की हा एक आकडा खाली आला का, एवढंच बघायचं.

एक सावधगिरी. आचाऱ्यांना ही तपासणी वाटता कामा नये. आम्ही पहिल्यांदा वजन सुरू केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी ‘उरलेलं’ची बादली एकदम हलकी झाली. मी खूश. दोन दिवसांनी कळलं की उरलेली आमटी थेट मोरीत ओतली जात होती, कारण महाराजांना वाटलं आता पगारातून कापणार. मग सगळ्यांना बसवून सांगितलं की आकडा कोणाच्या नावावर लिहायचा नाहीये. दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा जड झाली आणि तेव्हा कुठे वही खरी बोलायला लागली.

आणि वहीइतकंच भांडी घासणाऱ्या बाईंना विचारा. आमच्या मावशी पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, “ताई, वजन कशाला करताय? सॅम्पलच्या वाट्या बघा की.” बरोबर होतं. मिसळीबरोबर आम्ही मोठी वाटी भरून सॅम्पल, म्हणजे वरचा रस्सा, देत होतो, वर मागेल त्याला आणखी. निम्म्या वाट्या निम्म्या भरलेल्या परत यायच्या. प्रत्येक वाटीत तेल, मसाला, गॅस आणि पाणी, आणि ते सगळं गटारात. मला हे कळायला काटा, वही आणि एक आठवडा लागला; मावशींना रोज दिसत होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरं काम: वाढण्याची पद्धत

सॅम्पल बंद करायचं धाडस पुण्यात कोणी करू नये. आम्ही वाटी लहान केली आणि वाढप्याच्या फेऱ्या वाढवल्या. गरम सॅम्पलची किटली घेऊन एक मुलगा सतत फिरतो. मागेल त्याला, मागेल तितक्या वेळा. गिऱ्हाइकाला कमी मिळाल्यासारखं वाटत नाही, उलट गरम मिळतं. परत येणारा रस्सा दोन दिवसांत कमी झालेला दिसला.

थाळीतही तेच. कोशिंबीर, चटणी, लोणचं, पापड, गोड हे सगळं आधी ताटात मांडून आणायची सवय सुटसुटीत असते, पण पांढरी कोशिंबीर न खाणारा माणूस ती तशीच परत पाठवतो. विचारून वाढा. दुसरी भाकरी पहिली संपत आली की टाका, आधी नको. भात शेवटी, आणि ‘थोडा की पूर्ण?’ असं विचारून. अर्धी थाळी किंवा मिनी थाळी कार्डावर ठेवा. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलांच्या आया त्यासाठी पुन्हा पुन्हा येतात.

अन्न वाया घालवू नका असं खडसावणारी पाटी लावायचा मोह होईल. आवरा. पुण्यात पाट्या आधीच पुष्कळ आहेत, आणि पैसे देऊन जेवणाऱ्या माणसाला कोणी शिकवलेलं आवडत नाही. ताटात राहिलं त्यात बहुतेक वेळा दोष वाढणाऱ्याचा असतो.

कार्ड छोटं ठेवा. साठ पदार्थांचं कार्ड म्हणजे साठ पदार्थांची तयारी फ्रीजमध्ये, आणि त्यातली निम्मी रोज शिळी. आम्ही रोजच्या दोन भाज्या फळ्यावर खडूने लिहितो. त्यामुळे मार्केट यार्डात त्या दिवशी जे चांगलं आणि स्वस्त मिळालं तेच शिजतं. पुण्याला आसपासच्या तालुक्यांनी इतकं देऊन ठेवलंय की लांबून माल आणायची गरजच कमी पडते: पुरंदरचा मटार, नारायणगावचा टोमॅटो, सातगाव पठाराचा बटाटा, मावळातला इंद्रायणी तांदूळ. हंगामातला जवळचा माल दोन दिवस जास्त टिकतो, शीतगृहाचं भाडं त्याच्या किमतीत नसतं, आणि ‘चिरताना’च्या बादलीत कमी जातो. ज्वारी-बाजरीची भाकरी तर आपल्याकडे कुठल्याही मोहिमेच्या आधीपासून आहे. तिला भाताइतकं पाणी लागत नाही. ती चांगली थापणारी बाई मिळाली तर तिला धरून ठेवा, एवढंच सांगेन.

सालं-देठांचं काय करायचं ते आपल्या आज्या जाणतात. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात, फ्लॉवरचे दांडे आमच्या मिक्स भाजीत. दोडक्याच्या शिरांची चटणी आम्ही थाळीत देतो आणि तिच्यासाठी माणसं येतात, हे लाजून नाही तर अभिमानाने लिहिते.

इथे एक लक्ष्मणरेषा आहे. ताटातून परत आलेलं काहीही, हात न लावलेलं दिसलं तरी, पुन्हा वाढायचं नाही. शिजवून न वाढलेलं अन्न वेगळं. ते ६० अंशांच्या वर गरम ठेवा किंवा उथळ परातीत पसरून पटकन गार करून ५ अंशांच्या खाली फ्रीजमध्ये ठेवा. मधल्या तापमानात तासन्‌तास पडलेला भात वाचवण्यापेक्षा बादलीत गेलेला बरा. चांगलं उरलेलं अन्न द्यायचं असेल तर पुण्यात रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक आहेत. पण त्यांना रात्री साडेअकराला फोन करून ‘दहा मिनिटांत या’ म्हणू नका. आधी बोलून ठरवा, डब्यावर शिजवल्याची वेळ लिहा. उरलेलं अन्न वाटण्याबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९चे वेगळे नियम आहेत, ते एकदा वाचून ठेवा.

तिसरं काम: ओला कचरा कुठे जातो हे जाणून घ्या

पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला. २०१७ मध्ये तिथे आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कंटेनर भरून वाहायला लागले. तेव्हा पेठेतल्या माणसालाही पहिल्यांदा प्रश्न पडला की आपलं खरकटं नक्की कोणाच्या दारात जातं. ढिगाऱ्यात हवा न लागता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता अडवतो. हॉटेलवाल्याच्या हातातलं सगळ्यात मोठं काम हे आहे, स्ट्रॉ नव्हे.

नियम आधी सांगते. २०१६च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांवर तीन गोष्टी टाकल्या: कचरा जागच्या जागी वेगळा करणं, पुन्हा वापरता येणारा माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना देणं, आणि ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवणं. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा निघत असेल तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि जबाबदारी आणखी वाढते. तुमच्या वहीतला आकडा इथेही कामाला येतो. नियमांत बदल होत असतात, म्हणून सध्या काय लागू आहे ते क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकांना विचारून घ्या. ते दंडाची पावती घेऊन आल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं स्वस्त पडतं.

सुक्या कचऱ्यासाठी पुण्यात चांगली सोय आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. तुमच्या भागात येणाऱ्या ताईंशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. त्यांना पुठ्ठा कोरडा लागतो, दुधाच्या पिशव्या धुतलेल्या लागतात, फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी लागते. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो रद्दी राहत नाही, कचरा होतो. आणि त्यांची त्या दिवसाची कमाई तुमच्या मोरीत गेलेली असते.

आता ओला. जागेप्रमाणे दोन रस्ते आहेत.

मागे थोडी मोकळी जागा असेल तर खत. आम्ही हेच करतो, आणि आधी नीट आपटलो. कोटेशन मागवलं, एक फिरतं पिंप घेतलं, विकणाऱ्याने ‘काहीही टाका ताई’ सांगितलं, आम्ही काहीही टाकलं. दहा दिवसांत असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे काका चपला न घालता खाली आले. खत कशामुळे सडतं हे मला तेव्हा कळलं. खरकट्यात पाणी आणि तेल फार असतं, हवा आत जायला जागा राहत नाही, आणि हवा संपली की कुजण्याचा प्रकारच बदलतो. मग मावशींनी मार्ग काढला. मोरीपाशी मोठी छिद्रांची चाळणी बसवली, खरकटं आधी त्यात निथळतं. निथळलेलं खरकटं एक घमेलं, तर त्यावर वाळकी पानं दोन घमेली, असा थर. लिंबाची सालं आणि हाडं आम्ही टाकत नाही. तळलेल्याचा चुरा अगदी थोडा. दर तीन दिवसांनी फावड्याने वरखाली. मूठभर उचलून दाबलं की बोटं ओली व्हावीत पण पाणी टपकू नये, ही परीक्षा. वाळकी पानं मिळवायला पैसे पडत नाहीत. जानेवारी ते एप्रिल पुण्यातल्या सोसायट्या ती पोती भरभरून काढतात आणि कोणी नेली तर दुवा देतात. वर्षाचा साठा तेव्हाच करून ठेवा, कारण पावसाळ्यात कोरडं पान शोधून मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच गरज जास्त असते.

दुसरा रस्ता बायोगॅसचा. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित केलं आणि त्याला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ-गोड खरकट्यातून गॅस झपाट्याने होतो, ही त्यामागची कल्पना. भात, पोळी, उकडलेला बटाटा, भाज्यांची सालं याला उत्तम. पण अपेक्षा मापात ठेवा: एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो एलपीजी. तुमच्या सगळ्या शेगड्या त्यावर चालणार नाहीत. डाळ-भाताची एक शेगडी किंवा भांडी धुवायचं पाणी तापवणं, इतपत धरा. खरकटं लगदा करून, पाणी घालून, रोज ठरल्या मापाने घालावं लागतं. सुट्टीच्या दिवशी उपास आणि रविवारी दुप्पट, असं केलं की आतल्या जिवाणूंचं पोट बिघडतं. निघणारं पातळ खत कोण नेणार तेही आधी ठरवा.

दोन्हीला जागा नसेल, पेठेत बहुतेकांना नसते, तर वेगळा ठेवलेला ओला कचरा महापालिकेच्या व्यवस्थेला द्या. तिथेही वेगळा ठेवणं हाच मुद्दा आहे. बाणेरच्या सूस रस्त्यावर ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प झाला, वासावरून रहिवासी हरित लवादाकडे गेले, लवादाने तो बंद करायला सांगितला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण ओल्यात चमचे, पिशव्या आणि टिश्यू आले की कुठलाही प्रकल्प नीट चालत नाही, आणि ते चमचे आपल्यासारख्यांच्याच मोरीतून गेलेले असतात.

चौथं: तेल

तळणाचं तेल किती वेळा वापरायचं यावर आचाऱ्यांशी भांडण ठरलेलं. भांडणापेक्षा मापन बरं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे घटक, वाढतात, आणि एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. ते मोजायचं छोटं यंत्र मिळतं, तपासणीच्या पट्ट्याही मिळतात. तेही नसेल तर डोळे आणि नाक: तेल काळपट झालं, बुडबुड्यांचा फेस जायला वेळ लागतोय, नेहमीच्या आचेवर धूर निघतोय, तर ते काढा. रोज रात्री गाळा. तळाचा जळका चुरा हाच तेल सगळ्यात लवकर खराब करतो.

काढलेलं तेल गार करून पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात साठवा आणि बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना याची नोंद ठेवणं मार्च २०१९ पासून सक्तीचं आहे. लहान हॉटेलांचंही तेल या संस्था पैसे देऊन नेतात. पावती घ्या. मागच्या दारी सायकलवर येऊन दोन रुपये जास्त देणारा माणूस ते कुठे विकतो, याचा विचार करा. उद्या तुमचाच मुलगा गाडीवर भजी खात असेल.

तेलाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मोरीत आहे. तर्रीची ताटं गरम पाण्याने धुतली की तेल वाहतं, पुढे पाइपात गार होतं, थिजतं आणि घशात अडकल्यासारखं बसतं. पावसाळ्यात तुंबलेली गटारं आणि मुठा नदीत तरंगणारा तवंग यात आपलाही वाटा आहे. त्यासाठी ग्रीस ट्रॅप. कल्पना साधी: सांडपाणी एका टाकीत सावकाश थांबतं, तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढच्या नळीने जातं. हॉटेलचं प्लंबिंग चालू असतानाच बसवून घ्या. नंतर फरशी उखडावी लागते, हे मी पैसे मोजून शिकले आहे. आठवड्यातून एकदा वरचा थर झाऱ्याने काढा, लाकडाच्या भुशात कालवा आणि वेगळा द्या. कॉस्टिक किंवा उकळतं पाणी ओतून ‘साफ’ करू नका. त्याने तेल फक्त पुढच्या माणसाच्या पाइपात जातं. आणि धुण्याआधी प्रत्येक ताट रबरी पट्टीने निपटून काढायचं, कागदाने नाही.

गॅस, वीज, पाणी

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवली तरी आमटी त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ होऊन गॅस उडतो. एकदा उकळी आली की आच बारीक, वर झाकण. हे आचाऱ्याला सांगून पटत नाही. एक सिलिंडर तुमच्या पद्धतीने आणि एक त्यांच्या पद्धतीने चालवा, कोणता किती दिवस गेला ते भिंतीवर लिहा. १९ किलोचा निळा सिलिंडर स्वतःच साक्षीदार होतो. कडधान्यं रात्री भिजवा, मटकी-वाटाणा प्रेशर कुकरमध्येच शिजवा, बर्नरची छिद्रं आठवड्याला तारेने साफ करा. ज्योत पिवळी झाली आणि पातेल्याला काजळी धरली म्हणजे गॅस पुरता जळत नाहीये. पाइपने गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएल कंपनीची पाइपलाइन तुमच्या गल्लीत असेल तर जोडणी घ्या, सिलिंडर बदलण्याची धावपळ वाचते. पण तोही जमिनीतून काढलेलाच गॅस आहे, तेव्हा झाकणाची सवय सोडू नका.

विजेत पंख्यांपासून सुरुवात करा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या. आठ पंखे, रोज बारा तास धरले तर महिन्याला १३० युनिट वाचतात. फ्रीजच्या दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. फ्रीज भट्टीशेजारी ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. छतावर सोलर पॅनल बसवून महावितरणचं नेट मीटर, म्हणजे त्यांना दिलेली वीज बिलातून वजा करणारं मीटर, घेणं उत्तम, पण भाड्याच्या जागेत मालकाशी लेखी करार झाल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

पाण्याचं असं की पुण्यातल्या हॉटेलांनी अर्धा ग्लास पाणी द्यायची पद्धत काही वर्षांपूर्वी सुरू केली होती, ती आपण सहज पाळू शकतो. टेबलावर तांब्या ठेवा, ज्याला लागेल तो घेईल. भाज्या नळाखाली नाही, तीन टबांत धुवा. तिसऱ्यातलं पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात. आरओ बसवण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. खडकवासल्याहून येणारं पाणी मुळात मऊ आहे, त्याला बहुधा गाळणी आणि यूव्ही पुरतं. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. बोअर किंवा टँकरवर असाल आणि तो लागलाच, तर बाहेर पडणारं पाणी पिंपात धरून फरशीला वापरा.

शेवटचं: पार्सल

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण सगळे इथूनच सुरू करतात. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद आहेत. महाराष्ट्राच्या अधिसूचनेत पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तुरुंगवासही. बोहरी आळीच्या घाऊक बाजारात गेलात की दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणेल. दंड तो भरत नाही.

कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, कापड नव्हे. कागदी पेल्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. उसाच्या चिपाडाचे डबे भाजी-भाताला चांगले. पण मोठी ऑर्डर देण्याआधी त्यात गरम तर्री भरून तासभर ठेवून बघा. मी हे न करता पाचशे डबे उचलले, आणि पहिल्याच रविवारी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या डिकीत आमची तर्री पसरली. ते अजून येतात, पण पार्सल नेत नाहीत. रश्श्याला आता आम्ही जाड, धुऊन पुन्हा वापरता येणारा डबा देतो. परत आणला तर दहा रुपये परत. घरून स्टीलचा डबा आणणाऱ्याला पाच रुपये सूट आणि एक चमचा जास्त शेव. खरं सांगायचं तर लोक सवलतीपेक्षा शेवेसाठी डबा आणतात. ऑनलाइन ऑर्डरवर चमचा-टिश्यू मागितल्याशिवाय टाकायचे नाहीत, घरी सगळ्यांकडे चमचे असतात.

तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस तिन्ही बादल्यांचं वजन करा, त्याच वहीत, पहिल्या आठवड्याच्या समोरच्या पानावर. वाचलेल्या पैशांतला काही भाग स्वयंपाकघरातल्या माणसांना द्या. आम्ही दिवाळीला देतो, आणि आकडा महाराजांना आधी माहीत असतो, कारण आता वजन तेच करतात. काटा मात्र रात्री कुलपात ठेवा. आमचा पहिला काटा कोणीतरी गावाला जाताना बॅग तोलायला नेला, तो अजून आलेला नाही.